आपली जमीन, दुसऱ्याचे छत

2023 च्या जानेवारीत मी तीन आठवडे न्यूयॉर्कला भाच्याकडे राहिलो. क्वीन्स विभागातील जॅक्सन हाइट्स वस्तीत, विटांच्या एका जुन्या सहा मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर त्याचे भाड्याचे घर होते. अशा शहरात घर मिळणे सोपे नाही. भाडेकरूचे वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या चाळीस पट असावे, अशी तेथील अनेक घरमालकांची अट असते. 2019 च्या कायद्याने अनामत रकमेवर एका महिन्याच्या भाड्याची मर्यादा घातली, एवढाच काय तो दिलासा!

भाच्याला भुरळ पडली होती ती त्या घराच्या जमिनीची. सर्व खोल्यांत ओकच्या लाकडी फळ्या. खिडकीतून ऊन आले की मधासारख्या चमकणाऱ्या. भाडेकरारात मात्र एक कलम होते : जमिनीचा ऐंशी टक्के भाग गालिच्याने झाकावा. त्या शहरातील अनेक करारांत ते असते. “फादरमामा, एवढी सुंदर जमीन झाकून का ठेवायची?” भाच्याने विचारले. मलाही ते पटले.

रात्री मला झोप येईना. तेथे रात्रीचा एक वाजतो, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. मी जपमाळ घेऊन दिवाणखान्यात येरझारा घालू लागलो. कडाक्याच्या थंडीमुळे पायांत बूट असत. वसईत उंबऱ्याबाहेर चपला काढणारा मी, तेथील रीत म्हणून घरातही बूट वापरू लागलो होतो. हिवाळ्यात घर तापवणाऱ्या यंत्रणेमुळे हवा कोरडी होते, लाकूड आकसते आणि फळ्या कुरकुरतात. ती कुरकुर मला प्रार्थनेची सोबत वाटे.

नवव्या दिवशी घरमालकाचे पत्र आले. खालच्या मजल्यावरून तक्रार होती. कराराच्या त्या कलमावर बोट ठेवले होते. मार्चमध्ये कराराचे नूतनीकरण व्हायचे होते. भाच्याने पत्र घडी करून खिशात ठेवले आणि मला काहीच म्हणाला नाही. त्याची पत्नीही निमूटपणे पोळ्या लाटत राहिली. त्यांचे ते मौन मला फार लागले.

संध्याकाळी मी एकटाच खाली गेलो. दार उघडले ते एका मध्यमवयीन परिचारिकेने. पहाटेच्या पाळीसाठी ती चार वाजता उठत असे. मी क्षमा मागितली. ती रागावली नाही. थकलेल्या आवाजात एवढेच म्हणाली, “अकरा पावले जाता, अकरा पावले परत येता. मी मोजत पडून राहते.”

मी वर मणी मोजत होतो आणि खाली एक श्रमलेली स्त्री माझी पावले मोजत होती! शेजाऱ्यावरील प्रीतीविषयी मी तीस वर्षे प्रवचने दिली. शेजारी कोठे राहतो, हे मात्र पाहिले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोन जाड गालिचे आणि त्यांच्याखाली घालायचे जाडे अस्तर आणले. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवले. पावलाचा आघात एकदा लाकडात शिरला की तुळयांतून खाली उतरतो. त्याला वरच अडवावे लागते. मी बूट दाराशी काढले आणि अंथरुणात बसून जपमाळ म्हटली. जळत्या झुडपापाशी मोशेला पादत्राणे काढावी लागली होती. मला ती एका झोपलेल्या स्त्रीच्या डोक्यावर असताना काढायची होती. मार्चमध्ये करार पुन्हा झाल्याचे भाच्याने कळवले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

लहानपणी आमच्या माळ्याला सागाच्या फळ्या होत्या. वर धावलो की फटींतून धूळ खाली पडे. “अरे, हळू चाल, पिठात माती पडते!” आई ओरडायची. हा धडा मी पन्नाशीत विसरलो होतो.

आज आपल्या धर्मग्रामातही बैठ्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. वाड्यांत वाढलेली आपली कुटुंबे एकमेकांच्या डोक्यावर राहू लागली आहेत. रात्री खाट सरकवताना, मुले धावताना, नाताळची गाणी रंगात आली असताना एवढेच आठवू या : आपली जमीन हे कोणाचे तरी छत आहे.