पडद्यामागचा दुभाषी

दुभाषी हा मोठा दुर्दैवी प्राणी आहे. तो चुकला की सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. आणि बरोबर बोलला की तो तेथे होता हेच कोणाला आठवत नाही. लग्नघरात मराठी विहीणबाई आणि तेलुगू व्याही यांच्यामध्ये बसवलेली, दोन्ही भाषा जाणणारी एखादी मावशी पाहा. दोन्ही घरे तिच्या तोंडून बोलतात, मानपान ठरतात, हशा पिकतो; पण मावशीच्या पानातला भात निवून गेला आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अशाच एका दुभाष्याशी माझी नवी ओळख झाली आहे. त्याला तोंड नाही, पानही वाढावे लागत नाही. तो संगणकात राहतो.

ओळख करून दिली माझ्या भाच्याने. सुटीत तो आपला जुना संगणक घेऊन आमच्याकडे येतो. त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे. आणि तरीही खास विंडोजसाठी लिहिलेला एक खेळ त्यावर खुशाल चाललेला!

“अरे, तुझ्या यंत्राला ही भाषा समजते कशी?” मी विचारले.

“समजत नाही, मामा. मधे बसून कुणी तरी समजावून सांगतं.”

मग त्याने सांगितले ते असे. खेळ स्वतः चित्र काढत नाही. तो नुसते हुकूम सोडतो : हा त्रिकोण येथे काढ, त्यावर हा रंग चढव, तेथे सावली पाड. चित्र काढते ते ग्राफिक्स कार्ड. पण हुकमाची भाषा प्रत्येक घरात निराळी. मायक्रोसॉफ्टच्या घरी डायरेक्ट थ्रीडी, ॲपलच्या घरी मेटल, लिनक्सच्या घरी ओपनजीएल आणि २०१६ साली आलेली वल्कन. त्यातून कार्डे बनवणारे कारखानेही अनेक, आणि प्रत्येक कार्डाची बोली वेगळी. एका घरचा हुकूम दुसऱ्या घरी जसाच्या तसा नेला, तर तेथे नुसता अंधार.

भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे नव्हे, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. पण याहून सुरेख उदाहरण मला कधी सापडले नव्हते. चित्राच्या मांडणीत डायरेक्ट थ्रीडीची उभी मापे खालून वर वाढतात, वल्कनची वरून खाली. दुभाषी एवढे विसरला, तर राजवाडा कळसावर उभा राहील! आणि वेळ तरी किती? पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटायची, तर एका चित्राच्या वाट्याला १७ मिलीसेकंदही येत नाहीत. तेवढ्यात शेकडो, प्रसंगी हजारो हुकूम उलथवायचे. प्रकाशाचा नि रंगाचा एखादा नवा पाठ प्रथमच पुढे आला की तो क्षणभर अडखळतो, आणि चित्र हिसका खाते. पण त्याचे उत्तर तो वहीत टिपून ठेवतो; पुढच्या वेळी अडत नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे १९९३ साली सुरू झालेला ‘वाइन’ हा उद्योग. (नावावर जाऊ नका!) त्याची पहिली पक्की आवृत्ती २००८ साली निघाली. तब्बल पंधरा वर्षे! कारण नुसते नियम पाळून भागत नाही. मूळ घरातल्या खोडीसुद्धा उतरवाव्या लागतात. कित्येक कार्यक्रम त्या खोडींवर भिस्त ठेवूनच लिहिलेले असतात. माझ्यासारख्या कादंबरीकाराला त्या जागी बसवले असते, तर मी मूळ मजकूर सुधारायला गेलो असतो. पुढे फिलिप रेबोल या प्रोग्रामरला ‘निअर : ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळावासा वाटला, आणि त्याने डायरेक्ट थ्रीडीचे हुकूम वल्कनमध्ये उतरवणारा ‘डीएक्सव्हीके’ रचला. २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीने वाइनला आणि त्याला आपल्या ‘प्रोटॉन’मध्ये एकत्र नांदवले, आणि लिनक्सवाल्यांना हजारो खेळांची दारे उघडली.

हे ऐकून मला निखळ आनंद व्हायला हवा होता. पण मी पडलो मराठीत लिहिणारा. मनात पाल चुकचुकली. लहान वस्तीला इतका निष्णात दुभाषी मिळाला, तर त्या वस्तीसाठी मुळातून कोण लिहील? ही भीती पोकळ नव्हे. २०२० साली ‘रॉकेट लीग’च्या कर्त्यांनी खेळाची लिनक्ससाठी असलेली स्वतंत्र आवृत्ती बंद केली आणि तेथल्या खेळाडूंना दुभाष्याचे दार दाखवले. पुस्तकांच्या दुकानात दर्शनी फळीवर भाषांतरित कादंबऱ्या पाहताना माझ्या मनात हेच येते. पुस्तके उत्तम असतात, मीही विकत घेतो. पण मागच्या फळीवरची धूळ काही नजरेआड होत नाही.

मात्र भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. आकारांची मापे चित्र पुरे होण्याआधी मधेच टिपून ठेवण्याची सोय जुन्या भाषांत होती. वल्कनमध्ये ती मुद्दाम वगळली होती. पण दुभाष्यांचे तिच्यावाचून अडू लागले, आणि २०१८ साली मुख्यतः त्यांच्यासाठी वल्कनने ती जोड म्हणून स्वीकारली. दुभाष्याच्या गरजेने घरची भाषाच वाढली!

आपल्याकडे तरी दुसरे काय घडले? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचे शाकुंतल मराठी रंगभूमीवर उभे केले. ते भाषांतर होते. पण त्यासाठी जमलेली मंडळी, तयार झालेले गळे, संगीत नाटकाला सरावलेले प्रेक्षकांचे कान, हे सारे येथेच राहिले. आणि दोनच वर्षांनी, १८८२ साली, त्याच लेखणीतून स्वतःचे ‘सौभद्र’ उतरले. शाकुंतलावरच संतुष्ट राहून अण्णासाहेब थांबले असते, तर दोष कालिदासाचा नव्हता, भाषांतराचाही नव्हता.

म्हणून दुभाष्यावर रुसण्यात अर्थ नाही. तो दार उघडतो, भाषेला नवे वळण देतो, आणि नाव न सांगता बाजूला होतो. मागच्या फळीवरची धूळ झटकणे हे त्याचे काम नव्हे. ते काम आपले, घरच्या माणसांचे.