भंगारातली सायकल आणि आपला इतिहास

परभणी जिल्ह्यात जुनी सायकल दोन ठिकाणी सापडते. भंगारच्या दुकानात किलोच्या भावात, नाहीतर वस्तीतल्या घरामागे बाभळीला टेकून ठेवलेली. आम्ही काही मित्र अशा सायकली शोधून दुरुस्त करतो. कार्यकर्ते विचारतात, "चळवळीची एवढी कामं पडलेली असताना हा कसला छंद?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो.

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा अस्पृश्याचा टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. शेवटी ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेब फेकले गेले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. वाहन नाकारणे आणि ते चालवण्याचे कसब हाती येऊ न देणे, ही दोन्ही जातीचीच कामे.

सायकलला टांगेवाला लागत नाही. आपल्या पायांवर, आपल्या वेळेला निघता येते. म्हणूनच ती डोळ्यांत खुपायची. आमच्याकडचे म्हातारे सांगतात, वरच्या आळीतून जाताना खाली उतरून सायकल हातात धरून चालावे लागे. १९८३ मध्ये कांशीराम डीएस-४ च्या कार्यकर्त्यांना घेऊन सायकलवर राज्याराज्यांतून फिरले, ते या पार्श्वभूमीवर पाहा.

पूर्णा जंक्शनजवळच्या एका घरात आम्हाला रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांची सायकल मिळाली. २८ इंची चाके, रॉडचे ब्रेक, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक, म्हणजे जुनी इंग्रजी घडण. पायडलची कॉटर पिन गंजून बसली होती. अशा पिनेवर नुसता हातोडा घातला तर ती वाकते. आधी चार दिवस तेल सोडत राहायचे, मग क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार देऊन नेमका ठोका मारायचा. हब उघडून रॉकेलने धुतले, नवे छर्रे आणि ग्रीस घातले. रंग मात्र दिला नाही. कॅरियरच्या पट्टीवर आजोबांनी ठोकून घेतलेली 'जय भीम' ही अक्षरे रंगाखाली बुजली असती.

शहरातून एक शौकीन आला. विंटेज म्हणून त्याने चांगली किंमत सांगितली. सायकल चकाचक रंगवून हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती. आमच्यातच वाद झाला. एकजण म्हणाला, विकू आणि पैशातून अभ्यासिकेला पुस्तके घेऊ. मुद्दा चुकीचा नव्हता. पण निर्णय आमचा नव्हता, त्या घराचा होता. नातीने सांगितले, "मी चालवते." दांडीची सायकल मुलीला कशी जमेल, अशी कुजबुज झाली. सीट खाली घेतली, दोन दिवसांत तिला जमली. आज ती त्याच सायकलवर क्लासला जाते.

याचा अर्थ जुन्या सायकली वाटल्या की शासनाची जबाबदारी संपली, असा कोणी घेऊ नये. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळायच्या सायकलींचा हिशेब मागायचाच, वेळेवर एसटीसाठी भांडायचेच.

पण मित्रांनो, आपल्या माणसांचा इतिहास सरकारी दप्तरात कमी आणि अशा वस्तूंत जास्त आहे. संग्राहक कंपनीचा बिल्ला बघतो. सायकल कोणी चालवली, कुठल्या सभेला नेली, कुठल्या आळीत उतरायला नकार दिला, हे आपणच विचारले पाहिजे. म्हणून घरची सायकल भंगारात घालण्याआधी आजोबांशेजारी बसा. वहीत नाव, गाव, साल लिहा, फोटो काढा. मग पाना हातात घ्या आणि दुरुस्ती शिका. ज्यांच्याकडे अशी सायकल असेल त्यांनी कळवा, आम्ही हत्यारे घेऊन येऊ.

जय भीम!