पेठेपासून सौधापर्यंत

बंगळूर म्हटले की डोळ्यांपुढे उद्याने आणि काचेच्या उत्तुंग कचेऱ्या येतात. परंतु ही नगरी वाढली ती व्यापाऱ्यांच्या पेठेतून. १५३७ साली केंपेगौडाने मातीचा कोट घालून आत पेठ वसविली. अक्किपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या, कुंबारपेटेत मडकी. गल्लीचे नाव हीच तिची पाटी! महाराष्ट्राचेही या गावाशी नाते आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने ते जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. काडु मल्लेश्वराच्या देवळास व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरम् भागात आहे.

पेठेला लागूनच हैदरअलीने आरंभिलेला व टिपूने १७९१ मध्ये पुरा केलेला महाल आहे. त्याचे सागवानी खांब व महिरपी अवश्य पाहा.

परंतु अधिक वेळ राखून ठेवावा तो कब्बन उद्यानाच्या कडेला. तेथे रस्त्याच्या एका बाजूस १८६८ मध्ये पुरी झालेली तांबडी 'अठारा कचेरी' आहे. तिचे स्तंभ युरोपीय वळणाचे. मूळचे अठरा खात्यांचे हे ठाणे आज उच्च न्यायालय आहे. समोर विधानसौध. पंडित नेहरूंनी १३ जुलै १९५१ रोजी त्याची कोनशिला बसविली आणि १९५६ मध्ये तो उभा राहिला. परदेशी पाहुण्यांनी 'तुमची स्वतःची वास्तुकला नाही काय?' असे विचारले आणि मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांच्या मनास ते लागले, असे सांगतात. उत्तर त्यांनी ग्रॅनाइटात दिले: द्राविडी खांब, भव्य पायऱ्या, माथ्यावर सिंहमुद्रा. पाहणाऱ्यास हा थाट थोडा अधिक वाटेल; पण त्या काळचा आत्मविश्वास त्यात स्पष्ट दिसतो.

नव्याच्या या दिमाखापुढे जुने मात्र धोक्यात आले. १९८० नंतर अठारा कचेरी पाडण्याचा विचार पुढे आला. नागरिकांनी त्याच वास्तूत बसणाऱ्या न्यायालयाकडे धाव घेतली, चळवळ केली आणि ती वास्तू वाचली.

पेठेतील घरांच्या वाट्याला असा पाठीराखा आला नाही. तेथे एकेक जुने घर जाऊन सिमेंटचे मजले चढत आहेत. खालून मेट्रो धावते. आपण चिक्कपेट स्थानकावर उतरलात, तर रेशमी साड्यांच्या दुकानांपुढे क्षणभर थांबा आणि मान वर करून पाट्यांच्या मागे पाहा. एखादी लाकडी गॅलरी अजून तेथे असेल.