दौलताबाद: चांदी कुठे गेली?

वीकेंडला दौलताबाद म्हणजे किल्ला चढायचा, फोटो काढायचे आणि परत! पण कधी तटाबाहेरच्या शेतांकडे पाहिलंय? १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने इथे राजधानी आणली. पुढे तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवायचा हुकूम काढला. लोक हुशार! पितळ चालवलं, चांदी दडवली. असा एखादा टंका आज नांगराला लागला तर? १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टनुसार १० रुपयांवरचं गुप्तधन सापडलं, की कलेक्टरला कळवावंच लागतं. मेटल डिटेक्टर घेऊन गुपचूप उकरलेलं नाणं सराफाकडे वितळतं. चांदीचे पैसे मिळतात हो, पण ते कुठल्या मातीत, कशासोबत पडलं होतं, हे मात्र कायमचं पुसलं जातं.