अंतराळातला हंस आणि चिंध्यांची चिमणी

२५ जून २०२५ हा दिवस मी कधीच विसरणार नाही. त्या दिवशी दुपारी १२ वाजून १ मिनिटाने अमेरिकेतील फ्लोरिडा येथून एक यान उडाले. त्यात आपले शुभांशू शुक्ला होते. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले, त्यानंतर ४१ वर्षांनी पृथ्वीभोवती फिरायला गेलेले हे दुसरे भारतीय. गुरुजींनी आम्हांला मोबाईलवर सगळे दाखवले.

यानात चार माणसे होती आणि जॉय नावाचा एक कापडी हंस होता. हंस म्हणजे आपल्या सरस्वतीचे वाहन! तो तरंगू लागला की वजन जाणवेनासे झाले असे समजायचे.

गुरुजी म्हणाले, "तिथे पृथ्वीची ओढ संपत नाही बरं का. यान आणि हंस दोघे बरोबरच पडत असतात. पण यानाचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर! म्हणून ते जमिनीवर न आदळता पृथ्वीभोवती फिरते." मग त्यांनी भोक पाडलेली पाण्याची बाटली धरली. धार लागली. बाटली वरून सोडली, तर पडताना धार बंद! आम्ही टाळ्या वाजवल्या.

घरी आलो. आज्जीने जुन्या सोलापुरी चादरीच्या चिंध्यांची एक चिमणी धाकट्या बहिणीला शिवून दिली होती. ती मी गुपचूप घेतली, बरणीत ठेवली आणि माळवदावरून कडब्याच्या गंजीवर सोडली. बरणी गंजीच्या कडेला लागून दगडावर आपटली. चिमणीची मान उसवली. आणि ती तरंगली की नाही, ते मला दिसलेच नाही. भीतीने मी डोळे मिटले होते!

बहीण लई रडली. मी म्हटले, "प्रयोग होता." आज्जी म्हणाली, "आरं, पर तिला इचारलंस का?" मला उत्तर देता आले नाही. रात्री आज्जीने कंदिलासारखी बॅटरी जवळ घेऊन मान शिवली. सुईत दोरा मी ओवून दिला.

१५ जुलैला शुक्ला सुखरूप परतले. ही बातमी मी बहिणीला सांगितली आणि तिची माफी मागितली. चिमणी ती अजून माझ्या हातात देत नाही. पण बाटलीचा प्रयोग करताना भोकावर बोट ठेवायला तीच पुढे येते.

— इयत्ता ५ वी