शाळा-तपासणीत नसलेला रकाना

स्वयंसेवी संस्थांकडे पाहण्याच्या सरकारी अधिकाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. पहिल्या तऱ्हेचे अधिकारी म्हणतात, "ही मंडळी आमच्या कामात लुडबुड करतात." दुसऱ्या तऱ्हेचे म्हणतात, "बरे झाले, हे काम त्यांच्यावर सोपवू, म्हणजे आपण मोकळे." नोकरीच्या काळात मी दोन्ही तऱ्हा जवळून पाहिल्या. माझ्या मते दोन्हींमुळे शाळेतल्या मुलाचे भले होत नाही. पहिलीत शासन एकटे पडते, दुसरीत शासन पळ काढते. तिसरी वाट आहे का, हा प्रश्न मला पडत असे. त्याचे बरेचसे उत्तर मुंबईत उभ्या राहिलेल्या 'प्रथम' या संस्थेच्या वाटचालीत आणि तिच्या नेतृत्वाने घेतलेल्या काही निर्णयांत सापडते, म्हणून हा लेख.

१९९४-९५ च्या सुमारास मुंबई महानगरपालिका, युनिसेफ आणि शहरातील काही जबाबदार नागरिक यांच्या सहभागातून 'प्रथम'ची सुरुवात झाली. माधव चव्हाण हे तिचे एक संस्थापक. अमेरिकेत रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून, तिकडे काही काळ शिकवून ते भारतात परतले आणि मुंबईत अध्यापन करू लागले. १९८९ पासून ते साक्षरता मोहिमेत ओढले गेले. दुसऱ्या संस्थापक फरिदा लांबे या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयातल्या प्राध्यापक. एक प्रयोगशाळेतला, दुसऱ्या वस्तीत काम करणाऱ्या. संस्थेच्या स्वभावात हे दोन्ही गुण उतरलेले दिसतात.

पहिले काम झोपडपट्ट्यांतील बालवाड्यांचे होते. त्यासाठी इमारती बांधल्या नाहीत. मंदिराचा ओटा, कोणाच्या घराची पुढची खोली, एखाद्या मंडळाचे कार्यालय, जिथे जागा मिळेल तिथे बालवाडी भरे आणि त्याच वस्तीतली मुलगी ती चालवी. पुढे महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' आली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले वर्गातून बाजूला घेऊन वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी त्यांना रोज दोन तास अक्षरे, शब्द आणि आकडे शिकवीत असे. इथे नेतृत्वाचा पहिला महत्त्वाचा निर्णय दिसतो. स्वतःच्या चार-दोन आदर्श शाळा काढून त्या पाहुण्यांना दाखवणे सोपे होते. तसे न करता, जिथे गरिबांची मुले खरोखर जातात त्या महापालिकेच्या शाळेतच काम करायचे, असे त्यांनी ठरवले. स्वतःची शाळा काढली की मुख्याध्यापक आपला, नियम आपले आणि श्रेयही आपले. सरकारी शाळेत यांपैकी काहीच आपले नसते.

या सगळ्याचे मोल मला मात्र मुंबईत कळले नाही, ते झाशीत कळले.

२०१२ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश विधानसभेच्या निवडणुकीसाठी निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाशी जिल्ह्यात झाली. मराठी माणसाला झाशी परकी वाटत नाही. नेवाळकरांचे राज्य, राणी लक्ष्मीबाई, वरसईकर गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवलेली १८५८ ची लढाई आणि त्या लुटीत गेलेला राजवाड्यातला ग्रंथसंग्रह, हे सगळे मनात घेऊनच मी तिथे उतरलो. काम मात्र रुक्ष होते. निरीक्षकाला मतदान केंद्रांची पाहणी करावी लागते आणि खेड्यात मतदान केंद्र म्हणजे बहुधा प्राथमिक शाळा. मऊरानीपूर आणि गरौठा भागांतल्या अशा कितीतरी शाळा मी त्या दिवसांत पाहिल्या. हातात तपासणीचा छापील तक्ता असे. रॅम्प आहे का? पिण्याचे पाणी? वीज? शौचालय? दारे-खिडक्या शाबूत आहेत का?

एका शाळेत मुख्याध्यापक तक्ता भरून देत होते, तेवढ्यात मी व्हरांड्यात बसलेल्या मुलांशी बोलू लागलो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवले होते, "सब पढ़ें, सब बढ़ें." पाचवीतल्या एका मुलाला मी ते वाचायला सांगितले. त्याने खणखणीत आवाजात म्हणून दाखवले. मग सहज एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "हा कोणता शब्द?" तो गप्प झाला. त्याने पुन्हा सुरुवातीपासून सगळी ओळ म्हटली आणि अंदाजाने थांबला, तो चुकीच्या शब्दावर. ओळ त्याला पाठ होती, पण तिच्यातले अक्षर येत नव्हते. त्याच्या शेजारच्या दोघांचीही तीच गत झाली.

मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. म्हणाले, "साहब, अधिकारी येतात ते भोजनाची नोंदवही पाहतात, पटसंख्या पाहतात, गणवेश वाटले का ते विचारतात. मूल वाचते का, असे मला इतक्या वर्षांत कोणी विचारले नाही. आज आपण विचारलेत, आणि आपण तर निवडणुकीसाठी आलात." बुंदेलखंडातल्या अडचणीही त्यांनी सांगितल्या. पाऊस दगा देतो, कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात, मुले मधूनच नाहीशी होतात आणि परततात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. हे सगळे खरेच होते. तरी मला बोचले ते वेगळेच. माझ्या हातातल्या तक्त्याप्रमाणे ती शाळा उत्तम होती. प्रत्येक रकान्यात 'होय' होते. निवडणुकीच्या तक्त्यात वाचनाचा रकाना नसणे साहजिक आहे, पण शिक्षण खात्याच्या तपासणीतही त्या काळी तो सहसा नसे. २००१ चे सर्व शिक्षा अभियान आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा यांनी खोल्या, शिक्षक, शौचालये, पुस्तके यांचे मोजमाप पक्के केले. ते आवश्यकच होते. पण मूल शाळेत आले म्हणजे शिकले, असे आपण गृहीत धरून बसलो.

'प्रथम'च्या नेतृत्वाचा दुसरा निर्णय नेमका याच गृहीतकाला हात घालणारा होता. २००५ मध्ये त्यांनी 'असर' ही ग्रामीण भारताची पाहणी सुरू केली. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून बनलेला हा शब्द हिंदीत 'परिणाम' या अर्थाने सर्वांना ठाऊक आहे. पद्धत इतकी साधी की हसू यावे. एका कागदावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिल्ह्यातली निवडक गावे, गावातली काही घरे आणि घरातली मुले. चाचणी शाळेत होत नाही. ती घरी, आईवडिलांच्या समोर होते आणि घेणारे स्थानिक महाविद्यालयांचे, अध्यापक विद्यालयांचे विद्यार्थी किंवा गावोगावच्या संस्थांचे कार्यकर्ते असतात. निरक्षर आईलाही समोर दिसते की आपले मूल अडखळते आहे. अनेक वर्षे या पाहणीची धुरा वाहिली ती रुक्मिणी बॅनर्जी यांनी. अर्थशास्त्राच्या या विदुषी १९९६ पासून संस्थेत आहेत.

या पाहणीवर टीकाही झाली. वाचन-गणिताएवढेच शिक्षण नसते, असे काही शिक्षणतज्ज्ञ म्हणाले. सरकारी शाळांची बदनामी होऊन खासगी शाळांचे फावते, असेही म्हटले गेले. पहिला आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. पण ज्याला गोष्ट वाचता येत नाही, त्याच्यासाठी इतिहास, विज्ञान आणि परिसर अभ्यास ही सारी बंद पुस्तके आहेत. दुसऱ्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन की ताप लपवून रोगी बरा होत नसतो.

तिसरा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. या मंडळींनी स्वतःचे कामही बाहेरच्या परीक्षकांपुढे ठेवले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे बालसखीच्या कामाचे काटेकोर मूल्यमापन केले. मागे पडलेल्या मुलांची प्रगती झाल्याचे त्यात दिसले. पण २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्याच जौनपूर जिल्ह्यातल्या २८० गावांत केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष इतका सुखद नव्हता. काही गावांत ग्राम शिक्षा समितीच्या अधिकारांची माहिती देणाऱ्या सभा घेतल्या, काही गावांत त्यासोबत गावकऱ्यांकडून मुलांच्या वाचनाची मोजणीही करून घेतली. ना समित्या हलल्या, ना शाळा सुधारल्या. समितीच्या काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हते. ज्या गावांत स्थानिक तरुणांना शिकवून वाचन-वर्ग चालवले, तिथे येणारी मुले वाचू लागली, पण गरजू मुलांपैकी थोडीच त्या वर्गांना आली. हे सगळे जसेच्या तसे प्रसिद्ध झाले. आपल्या आढावा बैठकांत कोणत्या योजनेने असे अपयश स्वतःहून मांडलेले मी पाहिलेले नाही.

त्यानंतरची वाटचाल प्रशासकांनी अभ्यासावी अशी आहे. २००७ पासून 'रीड इंडिया' या मोहिमेत संस्था अनेक राज्यांत गेली. बिहारमध्ये दिसले की वर्ष चालू असताना शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य देऊन काहीच घडले नाही. पण त्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीत महिनाभर वर्ग घेतला, तेव्हा मुले पुढे सरकली. याचा अर्थ शिक्षकाला येत नव्हते असे नाही. नेहमीच्या दिवसांत त्याच्यापुढे 'अभ्यासक्रम पूर्ण करा' हाच हुकूम होता. हरयाणात २०१२-१३ मध्ये हा धडा वापरला. शाळेच्या वेळापत्रकात वाचनासाठी वेगळा तास ठेवला, त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट केले आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवून पाहिले. मुलांचे हिंदी वाचन सुधारले. सीतापूर आणि उन्नाव जिल्ह्यांत २०१३-१४ मध्ये संस्थेच्या चमूने सरकारी शाळांतच थोड्या थोड्या दिवसांची शिबिरे घेतली. उतारा किंवा गोष्ट वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट झाले.

२०१५ मध्ये माधव चव्हाण यांच्याकडून मुख्य कार्यकारी अधिकारीपद रुक्मिणी बॅनर्जी यांच्याकडे आले. संस्थापकाने हयातीत आणि उमेदीत असताना सूत्रे सोपवणे आपल्याकडे दुर्मीळ आहे. चव्हाणांना २०१२ मध्ये 'वाइज' पुरस्कार मिळाला, बॅनर्जींना २०२१ मध्ये 'यिदान' पुरस्कार मिळाला. एकाच संस्थेत नेतृत्व बदलूनही कामाची दिशा बदलली नाही, हे पुरस्कारांपेक्षा मोठे मानावे लागेल.

सरकारी यंत्रणेने काय उचलले? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत वाचन आणि अंकज्ञानाला अग्रक्रम दिला आणि जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' सुरू झाले. ग्रामीण सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण 'असर'नुसार २०२२ मध्ये १६.३ टक्के होते. २०२४ मध्ये ते २३.४ टक्के झाले. ठळक सुधारणा दिसलेल्या राज्यांत उत्तर प्रदेशही आहे. आनंद आहेच, पण चारांतली तीन मुले अजून मागे आहेत, हेही तोच आकडा सांगतो.

आणि हे टिकेल का? माझ्या पाहण्यातल्या एका जिल्ह्यात असाच वाचनाचा कार्यक्रम सुरेख चालला होता. संबंधित अधिकाऱ्याची बदली झाली. नव्या साहेबांचा भर दुसऱ्या विषयावर होता. वाचनाचा तास आधी आठवड्यातून तीनदा झाला, मग फक्त अहवालात उरला. संस्थेचे कार्यकर्ते तेच होते, शिक्षकही तेच होते. उठून गेली ती फक्त वरून विचारणा. संस्था शासनाला वाट दाखवू शकते, मात्र त्या वाटेवर रोज चालणे हे शासनाचेच काम आहे आणि ते कोणालाही ठेक्याने देता येत नाही.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना माझ्या काही सूचना आहेत.

१. शाळेत गेल्यावर नोंदवहीच्या आधी पाच मुलांना वाचायला सांगा. शिक्षकाला धाक घालण्यासाठी नव्हे, परिस्थिती समजून घेण्यासाठी.

२. संस्थेशी करार करताना पहिल्याच दिवशी विचारा, "तुम्ही गेल्यावर हे कोण करणार?" त्या व्यक्तीचे सरकारी पदनाम करारात लिहा.

३. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांना आधी पंधरा दिवस शिकवू द्या, मग देखरेख करू द्या.

४. अपयशाचा आकडा घेऊन येणाऱ्याला बैठकीत झापू नका. एकदा झापले की पुढच्या बैठकीला फक्त गोड आकडे येतात.

५. बदली झाल्यावर कार्यभार सोपवताना आपण वाहन, किल्ल्या, प्रलंबित प्रकरणे आणि शिल्लक निधी यांची टिपणी देतो. तीत एक ओळ वाढवा : माझ्या जिल्ह्यात तिसरीतली इतकी मुले वाचू शकतात, इतकी नाहीत, आणि त्यांच्यासाठी हे हे चालू आहे. उत्तराधिकाऱ्याने ती टिपणी सही करून घेतली की पुढची विचारणा कोणी करायची, हा प्रश्न उरत नाही.