आवाजाला आधी वाट

२०२१ च्या जूनमध्ये मुलीची तोंडी परीक्षा ऑनलाइन झाली. आमच्या तळेगावातल्या घरात रेंज गच्चीवरच येते, म्हणून तिला तिथे बसवलं. परीक्षकांचा चेहरा मोबाइलवर दिसत होता, आवाज मात्र तुटत होता. ते विचारायचे, ही उत्तर द्यायची, आणि ते म्हणायचे, "येत नसेल तर पुढचा प्रश्न घेऊ." ती खाली आली तेव्हा डोळे भरलेले. "अब्बा, मी उत्तर दिलं होतं."

मी उर्दू-मराठी शिकवतो. 'रोको, मत जाने दो' आणि 'रोको मत, जाने दो' यातला फरक दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवतो. बोलण्यातला थांबा जागचा हलला की अर्थच उलटतो. इथे तर उत्तरच नाहीसं झालं.

भाची एका कॉलेजात नेटवर्क सांभाळते. स्पीड वाढवला की झालं ना, असं मी तिला विचारलं.

"नाही मामू. आपला नागपूर-अमरावती हायवे चौपदरी आहे, तरी ट्रकांची रांग लागली की अँब्युलन्स अडकतेच ना?"

आवाजाची छोटी छोटी पाकिटं होऊन निघतात. ती साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत पोचली तर बोलणं सहज वाटतं. कुणाच्या सिनेमाच्या डाउनलोडचं पाकीट दोन सेकंद उशिरा आलं तर काही बिघडत नाही. पण साध्या नेटवर्कमध्ये दोघं एकाच रांगेत. म्हणून १९९८ साली पाकिटावर सहा बिटांची खूण करायची पद्धत ठरली. खूण बघून राउटर आवाजाला पुढे काढतो. हॉस्टेलची पोरं रात्री व्हिडिओ बघत असली तरी विद्यापीठाला आपल्या आवारात हे करता येतं.

"आणि आपल्या गच्चीपर्यंत?"

"गेटाबाहेर ती खूण सहसा कुणी मानत नाही. तिनं कॅमेरा बंद ठेवायचा होता. आवाजाला ६४ किलोबिटसुद्धा पुरतात, व्हिडिओला कितीतरी पट जास्त लागतात."

पण कॅमेरा सक्तीचा होता! कॉपी होऊ नये म्हणून. म्हणजे पोरीचा चेहरा नीट दिसावा यासाठी तिचं उत्तर वाटेत सांडलं. साध्या फोनवर पुन्हा परीक्षा घ्या, असा अर्ज मी केला. उत्तर आलं नाही. तोंडीत ती काठावर पास झाली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वर्गात मी सगळ्यांचे कॅमेरे बंद करायला लावले. पोरं तिकडे काय करत होती, अल्लाह जाणे. पण नाव पुकारलं की 'हाजिर' स्वच्छ ऐकू यायचं.